एवढा लाभांश घेऊ आणि विकू

माझ्या मामाला नातेवाइकांची नावं लक्षात राहत नाहीत. स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस तो मामीच्या चेहऱ्यावरून ओळखतो. पण कंपनीने कोणत्या वर्षी शेअरमागे किती लाभांश दिला, हे त्याला झोपेतून उठवून विचारा. पहिल्या वर्षी दोन, मग सव्वादोन, मग अडीच, आणि कुठल्याशा गोदामाला आग लागली त्या वर्षीसुद्धा अडीच. "आग लागली तरी कमी नाही केला," असं तो सांगायचा, जणू आग त्यानेच विझवली होती.

कंपनी म्हणजे तयार कपड्यांच्या दुकानांची साखळी. मामा त्यातल्या एका दुकानात अल्टरेशनला होता. ट्रायल रूमच्या मागे कपाटाएवढ्या खोलीत बसून त्याने अख्ख्या गावाच्या पँटी आखूड केल्या. कंपनीचे शेअर बाजारात आले तेव्हा नोकरांना ते स्वस्तात मिळाले, पगारातून कापून. कॅशियरने महिन्याभरात विकून स्कूटर घेतली. मामाने ठेवले. वर्षातून दोनदा लाभांश जमा झाला की तो दुकानात जरा ताठ चालायचा. मॅनेजर डाफरला तरी याच्या चेहऱ्यावर भाव असा, की ओरडू दे बिचाऱ्याला, शेवटी माझ्याच दुकानात ओरडतोय. बाकीच्यांनी त्याचं नाव 'मालक' पाडलं. टिंगलच होती ती, पण मामाने खरी मानली.

मामी घरी शिवणकाम करायची, बायकांचे ड्रेस, मुलींचे फ्रॉक. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. मापं स्वयंपाकघरात घ्यायची, दार लोटून, गॅसवरच्या दुधाकडे एक डोळा ठेवून. एकीने नवाकोरा ड्रेस परत आणून दिला होता, फोडणीचा वास येतो म्हणून. रस्त्यापलीकडे घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्यांचं दुकान होतं. सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. दुकान छोटं, पण दर्शनी बाजूला पूर्ण काच आणि दुपार उलटेपर्यंत उजेड. त्यांना आता बस करायचं होतं. मामीचं काम त्यांनी पाहिलेलं, म्हणून म्हणाले, विकायचं झालं तर आधी तुला विचारीन. मामी त्याच दिवशी टेप घेऊन दुकान मोजून आली. मशीन काचेजवळ, आरसा समोर, मापाला कोपऱ्यात पडदा. आता फक्त पैसे हवे होते आणि ते मामाच्या शेअरांत होते.

मामा नाही म्हणाला नाही. त्याने कधीच नाही म्हटलं नाही, तीच तर भानगड. म्हणाला, "लाभांश जाहीर झालाय. ठरलेल्या तारखेला ज्याच्या नावावर शेअर, त्याला पैसे. एवढा घेऊ आणि विकू." तारीख आली आणि भाव साधारण लाभांशाएवढाच उतरला. मी कॉमर्सचा, त्यामुळे घरात माझ्या अकलेला थोडीफार किंमत. मी सांगितलं, मामा, हे असंच असतं, लाभांश निघाला की तेवढा भाव उतरतो. त्यावर त्याचं म्हणणं, पडलेल्या भावात विकायला मी काय खुळा आहे, चढू दे की. चढेपर्यंत पुढच्या लाभांशाची घोषणा झाली. मग पुन्हा तेच, एवढा घेऊ आणि विकू. अशी वर्षं गेली. घड्याळजी मामीला म्हणाले, तुझ्या मालकांचा लाभांश वाढतोय आणि माझं वय.

मग एका वर्षी कंपनीने 'विशेष लाभांश' काढला. दुकानांच्या इमारती विकल्या, त्याच पुन्हा भाड्याने घेतल्या आणि आलेले पैसे वाटून टाकले. मामाने बँकेतून रक्कम आणून ओट्यावर मामीसमोर ठेवली. घड्याळजींच्या दुकानाची निम्मी किंमत होती ती.

मामीने हात पुसले, पण नोटांना लावले नाहीत. "एवढे आले कुठून? तुमच्या दुकानात तर कुत्रंही फिरकत नाही."

"कंपनी मोठी आहे गं."

खरं तर हे मामाला कळायला हवं होतं. गिऱ्हाईकाचं पोट सुटलं की पँट सैल करतात ती शिवणीच्या आत दाबून ठेवलेल्या कापडातून. ते एकदा सोडलं की संपलं, पुढच्या वेळी सोडायला काही नसतं. हे तो रोज कुणा ना कुणा ढेरपोट्याला समजावत असे. कंपनीने आपल्या शिवणी उसवून त्याच्या हातात दिल्या, तेव्हा मात्र त्याला त्यात फक्त कापड दिसलं. म्हणाला, निम्म्यात दुकान येत नाही, भाव उतरलाय तेव्हा आधीचे शेअर विकायचे नाहीत, उलट याचेही शेअरच घेऊ, पुढच्या वर्षी पूर्ण दुकान. मामीने परातीत पीठ घेतलं. मग, तुम्हाला कळतं त्यातलं, म्हणून कणीक मळायला लागली.

भाडी भरता भरता कंपनीची दुकानं एकेक करून बंद पडली. लाभांश आधी निम्मा झाला, मग आलाच नाही. मामाच्या पाठांतरात शून्य हा आकडाच नव्हता. उशीर झाला असेल, असं तो कितीतरी दिवस म्हणत राहिला. शेवटी त्याचंही दुकान बंद झालं. शेअर विकले तेव्हा त्यात कॅशियरची जुनी स्कूटरही आली नसती. घड्याळजींनी तोवर दुकान कुरिअरवाल्याला देऊन लेकाचं घर गाठलं होतं.

मामीने त्याला एका शब्दाने टोचलं नाही. बहुतेक तेच त्याला सोसेना. एका रविवारी जेवणं झाल्यावर, मी तिथेच होतो, मामा मशीनशेजारी स्टूल ओढून बसला.

"एक सांगायचं राहिलंय. तो मोठा लाभांश आला ना, त्या आठवड्यात घड्याळजी मला रस्त्यात भेटले होते. निम्मे आत्ता द्या म्हणाले, बाकीचे हप्त्याने. किल्ली लगेच देतो."

मामीचा पाय पॅडलवर थांबला. "मग?"

"मी म्हटलं, पुढच्या वर्षी एकरकमी देऊ. हप्त्याने घ्यायचं म्हणजे... सगळे मालक म्हणायचे गं मला."

मला वाटलं, आता कात्री भिंतीवर जाणार. मामीने सुईखालचा कपडा काढला, दोरा दाताने तोडला आणि कपडा नीट घडी करून बाजूला ठेवला.

"तेव्हा सांगितलं असतंत तर घर डोक्यावर घेतलं असतं मी," ती म्हणाली. "आणि माझ्या भांडणापुढे तुमचं कधी चाललंय? आता कुणाशी भांडू, कुरिअरवाल्याशी?"

मामा हसायला गेला. जमलं नाही.

हल्ली तो घरीच असतो. मामीच्या कपड्यांना काज-बटणं करतो, तुरपाई घालतो, इतकी बारीक की टाका शोधावा लागतो. माप द्यायला कुणी बाई आली की मात्र काम तसंच टाकून उठतो आणि जिन्यात जाऊन उभा राहतो. जिन्याच्या खिडकीतून कुरिअरचं दुकान दिसतं. त्यांनी काचेला लावून छतापर्यंत खोकी रचलीत, आत भरदुपारी दिवा जळतो. माप झालं की मामी दार उघडून "अहो, या" म्हणते. कधीकधी तिला दोनदा म्हणावं लागतं.