आधी करणाऱ्यानं बसावं

फोन काकूंचा होता. मी धारला वसतिगृहाच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते. हात ओले होते, म्हणून मैत्रिणीनं फोन माझ्या कानाला लावून धरला. "मनू, काकासाहेब गेले," काकू म्हणाल्या. "सकाळी चहा घेतला, मागच्या अंगणात गेले, आणि ओट्यावर बसले ते... बसलेलेच राहिले." मग जरा थांबून, जणू धीर मलाच द्यायचा आहे अशा आवाजात, "इंदूरहून देवासची बस लगेच मिळते. घाबरू नकोस." इंदूरला बस बदलली तेव्हा शेजारी एक बाई बसल्या होत्या. मी रडतेय हे पाहून त्यांनी विचारलं, कोण होते, काय करायचे? मी म्हणाले, काका होते, फायबरचं काम करायचे. कॉलेजच्या फॉर्मवर, मैत्रिणींना, सगळीकडे मी हेच सांगत आले होते. खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. आज सव्वा महिना झाला. त्या बाईंना द्यायचं राहिलेलं उत्तर मी इथं लिहायचा प्रयत्न करते आहे. माझं शिक्षण हिंदीत झालं, मराठीत एवढं लांब मी कधी लिहिलेलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

माझे काका समुद्राच्या लाटांवर चालवायच्या फळ्या दुरुस्त करायचे. देवासला, आमच्या गल्लीतल्या घरात, मागच्या अंगणात. देवासहून समुद्र गाठायला आगगाडीनं एक अख्खी रात्र लागते, हे त्यांना कोणीही ऐकवायचं. समोरचे साहूजी तर रोज ऐकवायचे. "क्यों भिया, आज समंदर कित्ता चढ़ा?" काका ब्रश खाली न ठेवता म्हणायचे, "आपके दरवाज्जे तक आ गया है, चप्पल उठा लो."

माझे वडील मोहनखेड्याला जैन तीर्थावरच्या भोजनशाळेत कामाला, म्हणून शाळेची सगळी वर्षं मी काका-काकूंकडे काढली. त्यांना मूल नव्हतं. घरात त्यांना सगळे काकासाहेब म्हणत, गल्लीत ते भिया होते, आणि मी बारावी झाल्यापासून ते मला "कॉलेजवाल्या बाईसाहेब" म्हणत. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. ते स्वतः आठवी. पाण्याच्या टाक्या आणि कूलर बनवणाऱ्या एका कारखान्यात ते फायबरचं काम शिकले. त्या कारखान्यानंच एकदा त्यांना मालवणच्या बाजूला एका हॉटेलात टाकी बसवायला पाठवलं. तिथं किनाऱ्यावर एक तरुण, समीर, तुटलेल्या फळीकडे बघत बसला होता. तो लोकांना लाटांवर उभं राहायला शिकवायचा. काकांनी फळी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "अहो, हे तर आमचंच काम." टाकीचं उरलेलं सामान वापरून त्यांनी दुपारभरात ती जोडून दिली. पुढे कारखाना बंद पडला आणि समीरच्या फळ्या ट्रान्सपोर्टनं देवासला यायला लागल्या. तिकडे किनाऱ्यावर हवा दमट, काही नीट वाळत नाही. आमच्या माळव्यातल्या उन्हाळ्यात दोन दिवसांत पापडासारखं कोरडं. समीरला ते सोयीचं वाटलं. काकांना तर... काय सांगू, पहिली फळी आली त्या दिवशी त्यांनी दाढी करून, धुतलेला सदरा घालून तिची बांधणी सोडली.

स्वतः फळी बनवायचा पहिला प्रयत्न मला आठवतो, कारण तेव्हा आम्ही सगळे खूप हसलो होतो. फळीच्या पोटात थर्मोकोल असतं, वरून फायबरचं कापड, त्यावर रेझिन, म्हणजे वाळून दगड होणारा चीक. काकांनी टाकीचं रेझिन ओतलं आणि आमच्या डोळ्यांदेखत थर्मोकोल बर्फासारखं विरघळत गेलं. चार दिवस घासून आकार दिलेली फळी दहा मिनिटांत खळगा होऊन बसली. काकू पदर नाकाला लावून म्हणाल्या, "वास तेवढा टिकला." काका स्वतःच एवढे हसले की ओट्यावर बसावं लागलं. थर्मोकोलला दुसऱ्या जातीचं रेझिन लागतं हे समीरनं मग सांगितलं. ते रेझिन मापून, डब्यात सावकाश ढवळायचं काम सुट्टीत माझ्याकडे असायचं. भराभर ढवळलं की बुडबुडे धरतात. "पोळीची कणीक नाही ती, बाईसाहेब, बाळाची पेज आहे," काका म्हणायचे.

दुसरी चूक हसण्यासारखी नव्हती. तन्वी नावाच्या एका मुलीची फळी आली होती. ती समीरची विद्यार्थिनी. पाय ठेवतात तिथं फळीला भेग, आत पाणी शिरलेलं. काकांनी भेगेचं तोंड उघडं ठेवून ती तीन दिवस उन्हात वाळवली. हाताला कोरडी, वजनाला हलकी, टिचकी मारली तर खणखणीत. त्यांनी कापड लावलं, घासून आरशासारखी केली आणि पाठवून दिली. महिन्याभरानं समुद्रात त्या मुलीच्या पायाखालचं कापड सालीसारखं सुटलं, धारदार कडेनं तिचा घोटा कापला गेला. टाके पडले. समीरनं तक्रार केली नाही, नुसता फोटो पाठवला. काका तो फोटो मोठा करून करून बघत राहिले. त्यांनी फळी परत मागवली, स्वतः फोडली. कापडाखाली पांढरी कणी होती. त्यांनी बोट लावलं, जिभेवर ठेवलं, आणि काकूंकडे बघून म्हणाले, "मीठ आहे हो."

आमच्या नळाला नर्मदा येते. आयुष्यभर ज्या टाक्या त्यांनी जोडल्या त्यांत गोडं पाणी. पाणी उडून जातं पण मीठ मागं राहतं, आणि ते पुन्हा ओल धरतं, हे किनाऱ्यावरच्या लहान मुलालाही माहीत असेल. आमच्या घरात कोणालाच ते सुचलं नाही. फळी वाळवण्याआधी ती गोड्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायची असते, मीठ पुरतं उतरेपर्यंत. काकांना ऊन होतं म्हणून घाई झाली. त्यांनी तन्वीला फोन केला. मी शेजारीच होते. ते उभं राहून बोलले. "बेटा, गलती मेरी है. लाट की नहीं, पत्थर की नहीं. मेरी." ती म्हणाली की असू द्या अंकल, होतं. काका म्हणाले, "होता नहीं है, मैंने किया है." त्यानंतर त्यांनी काम घेणं बंद केलं. समीरनं पाठवलेल्या दोन फळ्या न उघडता परत गेल्या. साहूजींनीही समंदर विचारणं सोडून दिलं, तेव्हा मला कळलं की हे किती खोल गेलंय. माझ्या हातचं पायाखाली घेऊन पोरं खोल पाण्यात जातात, मला तो हक्क आहे का... एवढंच ते एकदा म्हणाले.

ते पुन्हा उभे राहिले ते एका नव्या तऱ्हेच्या फळीमुळे. समीरनं तिचा व्हिडिओ पाठवला होता. तिला फॉइल म्हणतात. आखूड, जाड फळी, तिच्या पोटाखाली कमरेएवढा धातूचा खांब, आणि खांबाच्या टोकाला विमानासारखे छोटे पंख. माणूस आधी फळीवर पालथा झोपून हातांनी पाणी मारतो, लाट लागली की उठून उभा राहतो, आणि वेग आला की ते पंख फळीला पाण्याच्या वर उचलतात. फळी हवेत, पंख पाण्यात. सगळा भार, सगळं जीव राखणं, खांब जिथं फळीला बसतो त्या एका जोडावर. काकांनी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल माहीत नाही. मग म्हणाले, "हा जोड मी करीन. टिकला तर पुढं काम. नाही टिकला तर कूलर." ते सहा महिने त्या एका फळीवर होते. जोडाची जागा तीनदा कोरून काढली, तीनदा भरली. प्रत्येक थर पुरता वाळल्याशिवाय दुसरा नाही. मी धारहून शनिवारी जायची तेव्हा एक थर पुढं सरकलेला असायचा, कधी कधी तोही नाही.

चाचणी खलघाटला, नर्मदेत घ्यायची ठरली. समीर खांब आणि पंख घेऊन मुंबई-आग्रा रस्त्यानं बसनं धामनोदला उतरला, मी धारहून गेले, आणि काका-काकू शेजाऱ्यांच्या व्हॅनच्या टपावर गोधडीत गुंडाळलेली फळी बांधून आले. ढाब्यावर पोहे खाताना ढाबेवाल्यानं विचारलं, "भिया, पालना ले जा रिये हो क्या?" काका म्हणाले, "हौ भिया. बच्चा मैं हूँ." आम्हाला वाटलं गंमत करतायत.

घाटावर काकूंनी नर्मदेची ओटी भरली. समीरनं खांब बसवला, बोल्ट आवळले आणि सदरा काढायला लागला. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "समीरराव, तुम्ही नंतर."

"काका, असं नसतं हो. तुम्हाला पोहता येत नाही."

"जॅकेट आहे ना?"

"खाली पंख आहेत, लागतील. मी रोज करतो हे."

"म्हणूनच तुम्ही नाही," काका म्हणाले. मग त्यांनी आमच्या घरातली एक रीत सांगितली, जी मी तोवर फक्त लग्नकार्यात म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकली होती. आमचे पूर्वज देवासच्या दोन संस्थानांपैकी धाकट्या पातीच्या दरबारासाठी बग्ग्या बनवायचे. नवी बग्गी झाली की सरकारांच्या आधी ती करणारा तिच्यात बसायचा आणि टेकडीच्या रस्त्यानं एक फेरी मारून यायचा. मोडलीच तर हाडं त्याची मोडावीत. "एका पोरीचा पाय मी कापलाय," काका म्हणाले. "आता दुसऱ्याच्या अंगावर माझी परीक्षा नको."

समीरनं काकूंकडे बघितलं. त्या रोखतील असं त्याला वाटलं असावं, मलाही वाटलं. काकूंनी काकांचा चष्मा काढून आपल्या पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, "जॅकेटचा वरचा बंद लागला नाहीये. तो लावा."

एकोणसाठ वर्षांचा माणूस, डोक्यावर समीरचं हेल्मेट, फळीवर पालथा. दोराचं एक टोक फळीला, दुसरं मोटारबोटीला बांधलेलं. नावाडी मागं वळून म्हणाला, "भिया, जे पटिया उड़ेगा कि डूबेगा?" काका ओरडले, "जेई तो देखना है, चलाओ!" मी आणि समीर बोटीत होतो. पहिल्या खेपेला फळीनं नाक खाली घातलं आणि काका पाण्यात. दुसऱ्या खेपेला तेच. दोन्ही वेळा ते खोकत वर आले आणि मनगट गोल फिरवून पुन्हा म्हणून खूण केली. समीर ओरडून सांगत होता, "काका, जरा मागं सरका, पोटावर भार घ्या!" तिसऱ्या खेपेला ते वीतभर मागं सरकले. आणि फळी उठली... पाण्यापासून हातभर वर. खाली तो खांब पाणी चिरत येत होता आणि काका वर, पालथे, दोन्ही हातांनी कडा धरून, तोंड सताड उघडं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. चार श्वास, पाच श्वास. मग फळी कलली आणि ते बाजूला पडले.

बोटीत ओढून घेतल्यावर त्यांनी आधी फळी मागितली. मांडीवर उलटी घेतली, आणि जोडाच्या चारी बाजूंनी अंगठ्याचं नख फिरवलं. सावकाश. चष्मा नव्हता, म्हणून मग माझा अंगठा धरून तो फिरवला. "बघ. कुठं अडतंय?" कुठंही अडत नव्हतं. केसभरही नाही. मग त्यांनी फळी समीरच्या हातात दिली. "आता घ्या." समीर त्या दिवशी बोटीमागून तिच्यावर उभा राहून पुलापर्यंत जाऊन आला, एकदाही न पडता, आणि पुलावरचे लोक थांबून बघत होते. मी काकांना विचारलं, वर उठल्यावर कसं वाटलं? ते अंग पुसत होते. "आवाजच गेला ग," ते म्हणाले. "पाण्याचा. मला वाटलं इंजिन बंद पडलं."

ती फळी समीर घेऊन गेला. दोन मोसम ती समुद्रात चालली. काकांनी पुन्हा काम घेतलं, अकरा फळ्या दुरुस्त केल्या, प्रत्येक आधी धुवून, जिभेवर बोट ठेवून, मग वाळवून. आणि या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी एक फळी आली, तिच्यावर पाठवणाऱ्याचं नाव होतं तन्वी. काकांनी मला त्याच दिवशी धारला फोन केला. "कॉलेजवाल्या बाईसाहेब, तन्वीनं फळी पाठवली," एवढंच, दोनदा.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मी दोन दिवस मागं राहिले होते. मागच्या अंगणात दोन लाकडी घोड्यांवर जुन्या रजईच्या घड्या, त्यांवर तन्वीची ती फळी. शेजारी काकांचा स्टूल, ब्रश तेलात, सगळं जागच्या जागी. दुपारी काकूंच्या फोनवर तन्वीचा फोन आला. तिला काही माहीत नव्हतं. मी हात पुढं केला. मला वाटत होतं की सांगावं, माफ करा, फळी आहे तशी परत पाठवतो. पण काकूंनी फोन दिला नाही. ज्या बाईनं इतकी वर्षं रेझिनच्या वासाला नावं ठेवली, ती ओट्यावर बसून शांतपणे म्हणाली, "नहीं बेटा, वो नहीं रहे. पंद्रह दिन हुए." पलीकडून त्या मुलीनं हळू आवाजात फळीचं विचारलं. काकू म्हणाल्या, "अभी नहीं भेजेंगे. कल मैंने फिर धोया, मीठ उतर गया है, पर अंदर गीला है. जल्दी मत करना."

फोन ठेवून त्या उठल्या, पदर खोचला. "शनिवारी येतेस ना?" त्यांनी मला विचारलं, "तोवर वाळेल." आणि उन्हाकडे एकदा बघून, दोन्ही हात फळीखाली घालून, त्यांनी ती अलगद उलटी केली.