भाऊंची डाळमिल आणि माझं मॉड्यूल

आमच्या घराण्यात मला 'कम्प्युटरवाला' म्हणतात. या शब्दात आदर किती आणि कीव किती, हे पन्नाशी उलटली तरी मला ठरवता आलेलं नाही. धुळ्याला देवपुरात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी मुलांना लिनक्स शिकवतो. त्यामुळे मोबाइल, टीव्हीचा रिमोट आणि गिझर मला दुरुस्त करता यायलाच पाहिजेत, असा नातेवाइकांचा समज आहे. गिझर मी एकदा उघडला होता. त्यानंतर बायकोने घरातले सगळे पाने-पेचकस उचलून स्वतःच्या कपाटात ठेवले.

एक काम मात्र मला खरोखर जमायचं. अडचण एवढीच, की जगात ते एकाच माणसाच्या उपयोगाचं होतं. तो माणूस म्हणजे माझे थोरले भाऊ.

भाऊंची जळगावला लहानशी डाळमिल. तूर भरडून डाळ झाली की तिच्यात काही काळे, डागी दाणे राहतात. पूर्वी ते निवडायला बाया बसत. मग भाऊंनी एक सॉर्टर मशीन घेतलं, कोणाचं तरी वापरलेलं. वरून डाळ पडते, कॅमेरा प्रत्येक दाणा बघतो, काळा दिसला की खालची बारीक नळी फुस्सकन हवा सोडते आणि तो दाणा बाजूच्या डब्यात उडतो. कॅमेऱ्याचं कार्ड एका साध्या कम्प्युटरमध्ये बसवलेलं, आणि कम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स. मशीन घेतल्यावर थोड्याच दिवसांत ते बनवणारी कंपनी गुंडाळली गेली. जाताजाता त्यांनी एवढं पुण्य केलं, की कार्ड चालवणाऱ्या मॉड्यूलचा कोड एका सीडीत भरून गिऱ्हाइकांना देऊन टाकला. भाऊंनी सीडी माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "घे, तुझ्या कामाची दिसते."

पहिल्यांदा लिनक्सचं अपडेट आलं आणि मशीन बंद पडलं, तेव्हा भाऊंचा फोन आला. भाऊ एरवी माझ्याशी शहरातलं मराठी बोलत, पण चिडले की अहिराणीवर येत. "बठ्ठं बंद शे. तू ये." बठ्ठं म्हणजे सगळं.

गेलो. भाऊ खुर्ची ओढून शेजारी बसले.

"पण आपण तर काहीच बदललं नाही."

"आपण नाही बदललं भाऊ, त्यांनी बदललं. आतलं."

"मग त्यांनी सांगायला नको?"

मी त्यांना लग्नाचं उदाहरण दिलं. कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा. त्याच्या घरची जी मॉड्यूलं असतात, ती बोलावलेले पाहुणे. कार्यालय बदललं की घरचेच त्यांना गाडीत बसवून नव्या जागी नेतात. आपलं मॉड्यूल बाहेरचं. त्याला कोणी काही कळवत नाही. ते नटूनथटून जुन्या पत्त्यावर जातं आणि कुलूप बघतं.

भाऊंनी विचार केला. "म्हणजे आपण बिनबोलावलेले."

"हो."

"मग बोलावणं घे ना."

तोही प्रयत्न मी केला. इंग्रजीत मोठं पत्र लिहून आमचं मॉड्यूल कर्नेल सांभाळणाऱ्या लोकांकडे पाठवलं. तिकडून सभ्य उत्तर आलं: कोड बराचसा नव्याने लिहावा लागेल, आणि हे कार्ड अजून कोण कोण वापरतं? मी प्रामाणिकपणे कळवलं, माझा भाऊ. त्यानंतर पुन्हा उत्तर आलं नाही.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. अपडेट यायचं, कर्नेलमधल्या कुठल्या तरी फंक्शनचं, म्हणजे नेमून दिलेलं काम करणाऱ्या तुकड्याचं, नाव बदललेलं असायचं, कुठे एक आकडा कमी मागायचे, कुठे जास्त. मी पांझरेचा पूल ओलांडून स्टँडवर यायचो, जळगावची बस पकडायचो, पारोळा-एरंडोल करत मिलमध्ये पोचायचो. काम तसं दोन ओळींचं असायचं. पण त्या दोन ओळी कोणत्या, हे कळेपर्यंत मेहरूणला भाऊंच्या घरी वरण-बट्टीचं जेवण व्हायचं आणि वर झोपही. वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, तुमच्या त्या अपडेटच्या निमित्ताने तरी येता."

शेवटी भाऊच कंटाळले. ऐन हंगामात मशीन बंद राहणं त्यांना परवडत नव्हतं. म्हणाले, "चालतंय ते चालू दे. आता काही बदलू नको." मी अपडेट कायमचं बंद केलं, इंटरनेटची वायर काढून घेतली. मशीन निमूट चालायला लागलं. वर्षं गेली. माझ्या जळगावच्या फेऱ्या लग्नकार्यापुरत्या उरल्या. फोनवर भाऊ "ठीक शे" म्हणायचे, मीही ठीकच असायचो.

मग गेल्या दिवाळीच्या आधी भाऊंनी साफसफाई काढली.

डाळमिलमधल्या माणसाला कॉम्प्रेसरच्या हवेसारखं सुख नाही. मशीनच्या नळ्यांना लागते म्हणून ती हवा हाताशी असते, आणि तिने सगळं साफ होतं. अंगावरची धूळ, मोटारसायकल, पंखे, देवाची तसबीर. भाऊंनी कम्प्युटरचं झाकण काढलं आणि आत पाइप धरला. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचलेलं होतं. हवेबरोबर तेही आत गेलं. कम्प्युटरचा बोर्ड गेला.

"चमकत होता हो," वहिनींनी मला फोनवर सांगितलं. "असा स्वच्छ कधीच नव्हता."

तसला बोर्ड आता कोणी बनवत नाही. फार शोधून एक नवा बोर्ड मिळाला, ज्यात जुन्या कार्डाला जागा होती. पण जुना कर्नेल त्या बोर्डाला ओळखेना, आणि नवा कर्नेल आमच्या मॉड्यूलला. मधल्या वर्षांत एकेक करून उरकता आले असते ते बदल आता एकदम पुढ्यात आले. पहिल्यांदा मॉड्यूल बांधायला, म्हणजे कोडवरून चालण्याजोगं करायला घेतलं तेव्हा चुकांची यादी पडद्यावरून इतका वेळ सरकत राहिली, की मी चहा पिऊन आलो तरी ती चाललेलीच होती. ज्या फंक्शनांच्या भरवशावर हा कोड उभा होता, त्यातली निम्मी कर्नेलमधून कधीच निघून गेली होती. आमचा पाहुणा ज्या गावी निघाला होता, ते गावच उठलं होतं.

भाऊंनी हंगामाचा सुरुवातीचा माल बायांकडून निवडून घेतला, पण व्यापारी तो बघून नाक मुरडू लागले. शेजारच्या मिलचे शेटजी भाऊंची जागा भाड्याने मागतच होते. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. भाऊ मला म्हणाले, "आखाजीला सालदाराचं साल संपतं, नवं सुरू होतं. माझंही तसंच. तोवर मशीन चाललं तर मिल मी चालवतो. नाही चाललं तर शेटला किल्ली देतो."

मी म्हणालो, "चालेल भाऊ." कशाच्या जोरावर म्हणालो, ते मला आजही सांगता येणार नाही.

सुट्टीच्या दिवशी जळगाव, बाकीच्या दिवशी घरी, असं काम सुरू झालं. एकदा मेहरूणला भाऊ हात धुवायला उठले तेव्हा वहिनी माझ्या ताटात वरण वाढताना हळूच म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा ना."

"नाहीच जमलं, तर चालणार नाही का?"

आतून भाऊंचा खोकला ऐकू येत होता. मिलच्या धुळीचा तो खोकला आता उन्हाळ्यातही थांबत नव्हता. डॉक्टरांनी मिल सोडा म्हणून सांगितलं होतं, हे वहिनींनी मला तेव्हाच सांगितलं. भाऊंनी सांगितलं नव्हतं.

"मी काय करू, वहिनी?"

"काही करू नका. एवढंच तर म्हणते."

मी बट्टी कुस्करत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला काम न करण्याची गळ घालत होतं, आणि नेमकं तेव्हाच ते मला करायचं होतं. परतताना बसमध्ये ठरवलं की थोडी दिरंगाई करू. घरी आल्यावर 'फक्त एक चूक बघतो' म्हणून लॅपटॉप उघडला. बायको म्हणाली, "अहो, सकाळी बघा." सकाळी बघितलं. दुपारीही बघितलं. मला वहिनींची बाजू पटली होती. पण पडद्यावर चूक दिसत असताना ती तशीच सोडून उठायचं कसं, हे मला कोणी शिकवलं नाही.

चैत्राच्या मध्यावर मॉड्यूल बांधलं गेलं. जळगावला जाऊन लावलं, कॅमेऱ्याचं चित्र आलं, भाऊंनी मशीनला हळद-कुंकू वाहिलं आणि डाळ सोडली. नळ्या फुसफुसू लागल्या. भाऊंच्या चेहऱ्यावर मी फार दिवसांनी हसू बघितलं.

मग त्यांनी बाजूच्या डब्यात हात घातला, मूठभर डाळ तळहातावर पसरली आणि ती माझ्यापुढे धरली.

"हा तर चांगला माल आहे."

"हो."

"मग काळा कुठे गेला?"

काळा पुढे, चांगल्या मालात गेला होता. मशीन काळा दाणा ओळखत होतं, पण हवा उशिरा सोडत होतं. तोवर काळा निघून जायचा आणि त्याच्यामागून येणाऱ्या, काहीही गुन्हा नसलेल्या दाण्याला फटका बसायचा.

"आपल्याकडल्यासारखंच झालं हे," भाऊ म्हणाले आणि मशीन बंद केलं.

कारण कळायला मला आणखी एक आठवडा लागला. कर्नेलच्या आत नाडीसारखे ठोके पडत असतात. जुन्या कोडमध्ये लिहिलेलं होतं, दाणा दिसल्यावर अमुक ठोके थांब आणि हवा सोड. जुन्या लिनक्समध्ये ते ठोके जवळ जवळ पडायचे. नव्या बोर्डासाठी मी वेगळ्या घराण्याचं लिनक्स टाकलं होतं. त्यात ते लांब लांब पडत होते. ठोके तेवढेच, वेळ कितीतरी जास्त. मुलांना मी हे दरवर्षी फळ्यावर शिकवतो. परीक्षेत विचारतोही.

ठोके मोजणं काढून टाकलं, बारीक वेळ मोजणारं नवं घड्याळ लावलं. आखाजी तोंडावर आली होती. भाऊंनी पुन्हा डाळ सोडली. या वेळी त्यांनी दोन्हीकडे हात घातला. एका मुठीत स्वच्छ पिवळी डाळ, दुसऱ्या मुठीत काळे दाणे. ते बराच वेळ दोन्ही मुठींकडे बघत राहिले. मी वाट बघत होतो, शाबासकीची म्हणा ना. या वयातही.

"आता किती दिवस चालेल?" त्यांनी विचारलं.

"बोर्ड टिकेल तोवर."

"आणि गेला तर?"

"तर परत करू."

"करू म्हणजे तू करशील."

"हो."

"तुझ्याशिवाय अजून कोणाला येतं हे?"

मी नाही म्हणालो. अजून कोणी शिकण्यासारखं त्यात काही नव्हतंच. जगात असं मशीन आता हे एकच.

"तुझा चष्मा किती जाड झालाय रे," भाऊ म्हणाले. मग खोकल्याची उबळ आली, ती सरेपर्यंत ते खांबाला धरून उभे राहिले. "मी पाइप धरून बोर्ड घालवतो, तू बस धरून येतोस. आपण दोघं किती दिवस पुरणार? मशीन चाललं, तू शब्द राखला. पण मिल अशी नाही चालवता येत."

"भाऊ, तुम्ही म्हणाला होतात, चाललं तर—"

"म्हणालो होतो. तेव्हा वाटत होतं, चालणारच नाही."

हे ते अगदी सहज म्हणाले. म्हणजे न चालण्याचीच वाट वहिनी बघत होत्या आणि भाऊही. निमित्त मशीनचं होणार होतं, दोष कोणाचाच नव्हता. मी ते निमित्त दुरुस्त करून ठेवलं होतं. आता मिल बंद करायची तर त्यांना स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागत होतं, आणि माझ्यासमोर त्यांनी ते म्हटलं.

आखाजीला घागर पुजून झाल्यावर शेटजी मेहरूणच्या घरी आले. आमरस-पोळी झाली. भाऊंनी किल्ली ताटाशेजारी ठेवली, हातात दिली नाही. शेटजींनीच ती उचलली, भल्या माणसासारखं, कोणाचं लक्ष नाही असं बघून. त्यांच्याकडे नवं सॉर्टर होतं. आमचं त्यांना नको होतं. ते कोपऱ्यात ताडपत्री टाकून ठेवलं, मग पावसाच्या आधी भंगारवाला घेऊन गेला. भाऊ तिकडे गेले नाहीत. सकाळी ते आता मेहरूण तलावाला एक फेरी मारतात. खोकला कमी आहे असं वहिनी सांगतात. बोलणंही कमी झालं आहे, हे त्या सांगत नाहीत, पण फोनवर ते कळतंच.

मध्यंतरी घरच्या कम्प्युटरवर नवा कर्नेल आला. तो आला की आमचं मॉड्यूल आपोआप बांधायला घ्यायचं, अशी सोय मी कधीकाळी करून ठेवली होती. ते बांधायला गेलं आणि अडलं. पडद्यावर लाल ओळ आली. बायको शेजारी मटार सोलत होती, तिने ती बघितली. इतक्या वर्षांत ती ओळ तिलाही ओळखू यायला लागली आहे.

"जळगावला जावं लागणार?"

"नाही."

"मग काढून टाका ना ते."

"टाकतो," मी म्हणालो आणि ओळ उघडली. एका फंक्शनला आता एक गोष्ट कमी द्यायची होती, एवढंच. मी ती खोडली आणि पुन्हा बांधायला लावलं. ते विनातक्रार बांधलं गेलं. चालतं की नाही, हे बघायला आता कुठे जायचं नव्हतं.