मोहनची काडतुसं

मोहनच्या बायकोचा, शैलाचा फोन आला तेव्हा मी अर्विंगच्या देशी दुकानात कोथिंबीर निवडत होतो. "मोहन गेला रे..." एवढंच म्हणाली. हार्ट ॲटॅक. महिना उलटला. गेलेल्याबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलतो की! पण ज्याने त्याला जिवंतपणी खाल्लं, त्याच्याबद्दल चांगलं बोलणार नाही.

आम्ही तिघं नागपूरच्या एकाच कॉलेजातले. इथे परदेशात येऊन बाकीचे गोल्फकडे वळले, हा पठ्ठ्या रायफलकडे. काडतुसंही विकतची नकोत. गॅरेजमध्ये बसून, दारू तोलून स्वतः भरायची, तीही आपल्या रायफलीच्या नळीला काय मानवतं ते बघून. "अरे, एकाच लांबीच्या दोन नळ्या घे," तो म्हणायचा. "तेच काडतूस एकीतून सुसाट जातं, दुसरीतून हळू. एकीत नेम धरतं, दुसरीत भरकटतं. सख्ख्या बहिणी, पण स्वभाव वेगळे."

म्हणूनच नेमबाजांचा रिवाज आहे: दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत घालायचं नाही, आपलं कुणाला द्यायचं नाही. पण क्लबचा प्रमुख ग्रेग "दे की थोडी" म्हणाला आणि आमच्या मोहनला नाही म्हणवेना. दिवाळीच्या फराळाचा डबा द्यावा तशी दिली! कपाळ माझं. ग्रेगच्या नळीतून गोळ्या सुसाट सुटल्या आणि लक्ष्यभर विखुरल्या. वेग मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा दाखवत तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मोहन दारू जास्त भरतो. धोकादायक माणूस आहे." जो भाजीत मीठसुद्धा तोलून घालायचा, तो! मोहनने वाद घातला नाही, क्लबला जाणंच सोडलं. "त्यांना वाटतं, माझ्यामुळे कुणाचा तरी जीव गेला असता..." असं शैलाला म्हणायचा. ते शल्य घेऊनच गेला.

आणि अंत्यसंस्काराला ग्रेग फुलं घेऊन हजर! माझं टाळकंच सरकलं. पुढच्याच शनिवारी मोहनची रायफल घेऊन क्लबवर गेलो. वाटेत दुकानातून काडतुसांचा सीलबंद डबा घेतला, कंपनीने भरलेला. सगळ्यांदेखत ग्रेगला म्हटलं, "यातली आधी मोहनच्या रायफलीतून झाड, मग तुझ्या." मोहनच्या नळीतून वेग बेताचा आला. ग्रेगच्या नळीतून तीच काडतुसं पुन्हा सुसाट, पुन्हा विखुरलेली.

"ही पण मोहननेच भरली का?" मी विचारलं.

ग्रेगचा चेहरा असा पडला की, खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. "शैलाला फोन करून सॉरी म्हणतो," तो पुटपुटला.

"फोन नाही. जिथे बोललास, तिथेच बोल."

बोलला. सगळ्यांनी ऐकलं. ज्याने ऐकायला हवं होतं तो मात्र नव्हता...

परवा ग्रेगचा मेसेज आला. मोहनचं काडतुसं भरायचं यंत्र विकत हवंय म्हणे, आठवण म्हणून. शैला म्हणाली, "देऊन टाक ना यार, किती दिवस राग धरशील?" मी ते उचलून माझ्या गॅरेजमध्ये आणलं. मला ते चालवता येत नाही, शिकायचंही नाही. त्याच्या दांड्याचा रंग मोहनच्या मुठीने उडालाय. तिथे ग्रेगचा हात मी लागू देणार नाही.