उलट जोडलेल्या दोन तारा

मला शोधायचे होते ते इतकेच: एकटा लावला की खणखणीत वाजणारा जुना डायनॅमिक माइक दुसऱ्या माइकच्या जोडीला लावला की आवाज पातळ का करतो? उत्तर सोपे निघाले. मला ते फार उशिरा सापडले.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत दर महिन्याला भजन असते. मी निवृत्त विज्ञानशिक्षक, म्हणून माइक आणि स्पीकर माझ्याकडे. माझ्याच शाळेतून निवृत्त झालेल्या संगीताच्या बाई मुख्य गायिका. त्यांच्यापुढे हा जुना माइक, आणि लगतच्या पेटीपुढे दुसरा. एकदा जुन्या माइकची केबल टोकाशी तुटली, तेव्हा तीन पिनांचा नवा कनेक्टर मी स्वतः सोल्डर केला. तो एकच माइक लावून ‘हॅलो’ म्हटले. स्वच्छ ऐकू आले. वर्गात एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढणाऱ्या मुलाला मी प्रयोग पुन्हा करायला लावत असे. इथे मला कोणी लावले नाही.

त्यानंतरच्या भजनात बाईंचा आवाज पोकळ, किरटा येऊ लागला. पुढच्या महिन्यातही तसाच. मग मी सर्वांदेखत, अगदी समजुतीच्या सुरात म्हणालो, “बाई, वयाप्रमाणे आवाज उतरतोच. आता पुढे दुसऱ्या कुणाला बसवू या का?”

त्यांनी वही मिटली आणि मान डोलावली. पुढच्या महिन्यापासून त्या मागच्या रांगेत बसून टाळ वाजवू लागल्या.

चार महिने सगळ्यांनी मिळून म्हटले. पाचव्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरची एक तरुण सून त्या जागी एकटी गायली, आणि तिचाही आवाज तसाच किरटा आला. मी पेटीचा माइक बंद केला. आवाज लगेच भरला.

दुसऱ्या दिवशी माइक आणि केबल घेऊन बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. दुकानदाराने केबलच्या दोन्ही टोकांना मीटर लावला. एक नंबरची पिन एकला मिळत होती, पण दोनची तीनला आणि तीनची दोनला. त्यामुळे या माइकचा संकेत पेटीच्या माइकच्या नेमका उलट जाई, आणि दोन्हींत शिरलेला एकच आवाज स्वतःलाच काही अंशी खोडून काढी. माइक एकटा असेल तर हा दोष ऐकूच येत नाही.

“हात कोणाचा?” त्याने विचारले.

“आमच्याकडच्या एकाचा,” मी म्हणालो.

“त्यांना सांगा, काम सुबक आहे. फक्त चुकीचं आहे.”

संध्याकाळी बाईंकडे गेलो. तिथेही मी आधी पिनांचा धडाच दिला; माफी अगदी शेवटी मागितली.

“अहो सर, मी घरीसुद्धा गायचं सोडलं होतं,” त्या म्हणाल्या. “आपण विज्ञानाचे, म्हणून मला खरं वाटलं.”

मग त्यांनीच सांगितले, की पुढच्या महिन्यात गाईन, पण माइकशिवाय. “ऐकू आलं नाही, तर आपण पुढे येऊन बसा.”

त्या गायल्या. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आले. मी पुढे बसलो होतो आणि मान वर करू शकलो नाही.

वाचकांना विनंती एवढीच: केबल जोडली की तिची प्रत्येक पिन दोन्ही टोकांना मीटरने तपासा, आणि माइक दुसऱ्या माइकच्या शेजारी ठेवून ऐका. मी लिहिले म्हणून मानू नका; स्वतः तपासून पाहा.