अंगारकीला खाल्लेला केक

केकमधलं अंडं हे अंडं धरायचं नाही, असा आमच्या सोसायटीत एक न लिहिलेला नियम आहे. लिहिलेले नियम पुष्कळ आहेत. ते लिफ्टशेजारी काचेच्या फळ्यात लावलेले असतात आणि प्रत्येकाखाली अध्यक्षांचा फोटो असतो. उद्या पाण्याची टाकी धुणार, पाणी येणार नाही, एवढं सांगायलाही अध्यक्ष गॉगल लावून आणि हात जोडून उभे. मोशीत फ्लेक्सवरून इतकी माणसं आपल्याला नमस्कार करतात की समोरून येणाऱ्या जित्या माणसाला करायचा राहून जातो.

निवृत्त झाल्यावर मी केळ्याचा ब्रेड करायला लागलो. सगळी नोकरी भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात गेली. दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू नाकारणं हेच काम. म्हटलं, आता स्वतः एखादी वस्तू करून बघू, लोकांनी नाकारली तर नाकारू देत. कुणी नाकारली नाही. म्हणायला ब्रेड, पण त्यात यीस्ट नाही, मळणं नाही, पीठ फुगायची वाट बघणं नाही. काळी पडलेली केळी काट्याने कुस्करायची, त्यात गूळ, तेल, अंडी, मैदा, सोडा आणि मूठभर अक्रोड घालायचे आणि लांबट साचा ओव्हनमध्ये ढकलायचा. सोसायटीत सगळे त्याला केक म्हणतात. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो. मग बायको म्हणाली, "अहो, खातायत ना? मग म्हणू द्या काय म्हणायचं ते."

केळ्यांना तोटा नव्हता. आमच्याकडे सतत कसली ना कसली पूजा असते आणि पूजा संपली की फण्या उरतात. प्रसाद म्हणून टाकवत नाहीत आणि काळ्या पडल्या म्हणून खाववत नाहीत. अशा फण्या माझ्याकडे यायला लागल्या. डबे भरून परत जायला लागले. ते डबेही कधी रिकामे आले नाहीत. डबा रिकामा परत करायचा नाही, ही शिस्त लोक अजून पाळतात. कुणी शेव घालतं, कुणी चार लाडू, काहीच नसलं तर चिमूटभर साखर. देताना मी प्रत्येकाला सांगायचो, "यात अंडं आहे बरं का." ऐकणारा घाईघाईने "हो हो" म्हणायचा. जणू मी चारचौघांत माझ्या मूळव्याधीविषयी बोललो होतो.

पुढे हे डबे पोचवायला लागली ती आमच्या समोरच्या फ्लॅटमधली बाई. माझे गुडघे आणि सोसायटीची लिफ्ट, दोन्ही बेभरवशाची, म्हणून तिने ते काम आपणहून घेतलं होतं. लातूरकडची, तिशीतली, भाड्याने राहणारी. नवरा चाकणला एका कंपनीत शिफ्टमध्ये. मुलगी दुसरीत. शाळा आमच्या गेटासमोर, इतकी जवळ की गॅलरीत उभं राहिलं की पोरगी वर्गात शिरेपर्यंत दिसायची. या एका गोष्टीसाठी त्यांनी हे घर घेतलं होतं. नवऱ्याचा येण्याजाण्याचा त्रास दोघांनी मिळून सोसायचा, पण पोरीला बसमध्ये घालायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

"तुमी केक करा काका, डिलिवरी माझ्याकडं," ती म्हणायची. "स्टार द्या म्हणून मागं लागणार न्हाई."

अकरा महिन्यांचा करार संपत आला होता. फ्लॅटचा मालक बंगळुरात. त्याचं म्हणणं एवढंच, की कमिटीने एनओसी दिली तर राहू दे. ही एनओसी कमिटीने कुठल्या अधिकाराने द्यायची असते हे मी एकदा विचारलं होतं. "प्रथा आहे," असं उत्तर मिळालं.

त्याच सुमाराला अध्यक्षांनी नवी गाडी घेतली. गाडीला हार, गाडीपुढे नारळ, गाडीच्या मागे केळीचे खुंट आणि पार्किंगमध्ये सत्यनारायण. त्यातल्या उरलेल्या केळ्यांचा हारा माझ्या दारात आला. दोन दिवसांत ती हवी तशी काळी पडली. सोमवारी संध्याकाळी मी ब्रेड भाजला आणि मंगळवारी सकाळी समोरचीने डबे नेले. पहिला डबा अध्यक्षांकडे, कारण केळी त्यांची.

तो मंगळवार अंगारकीचा होता. माझ्या लक्षात नव्हतं, तिच्याही नव्हतं. अध्यक्षांच्या बायकोच्या लक्षात होतं, कारण तिचा उपास होता. तिनं दारातच विचारलं, "कशाचं आहे गं?" ही म्हणाली, "केळाचं." केळं उपासाला चालतं. त्या चालण्यावर विसंबून वहिनींनी चहाबरोबर दोन तुकडे खाल्ले. खाल्ले ते खाल्ले, महिलांच्या ग्रुपवर फोटोही टाकला. काचेची बशी, शेजारी जास्वंदीचं फूल, खाली ओळ : उपासाचा केळीचा केक.

कुणीतरी लगेच लिहिलं, "अगं, त्यात अंडं असतं ना?"

त्यानंतर दिवसभर ग्रुप पेटलेला होता. बायको मला वाचून दाखवत होती. हात जोडलेली चित्रं, रडणारी तोंडं, "भावना दुखावल्या", "हेतुपुरस्सर", "आपली संस्कृती". अंडं माझ्या केकात पहिल्यापासून होतं आणि लिहिणाऱ्या प्रत्येक बाईने ते महिन्यातून एकदा तरी खाल्लं होतं. एकीलाही मैदा आठवला नाही. उपास मैद्यानेच मोडला होता. अंड्यापर्यंत जायची गरजच नव्हती.

अध्यक्षांच्या बायकोचा मला राग आला नाही, हे सांगायला हवं. चूक आपली असली आणि ती सगळ्यांना दिसली की माणूस आधी आडोसा शोधतो. तिला तो सापडला. डबा कुणी आणला? समोरचीने. विचारल्यावर ती काय म्हणाली? केळाचं. अंडं आहे असं म्हणाली का? नाही. मग मुद्दाम लपवलं. संध्याकाळपर्यंत केक माझा राहिलाच नव्हता. तो भाडेकरूंचा झाला होता. त्यांच्या कचऱ्याच्या डब्यात टरफलं दिसतात, हेही कुणीतरी लिहिलं. माझ्याही डब्यात दिसतात. ती कुणाला दिसली नाहीत.

आमचा डबा रात्री अध्यक्षांच्या घरून परत आला. धुतलेला, पुसलेला, रिकामा.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा उंबऱ्यातच उभी राहिली. एरवी सरळ स्वयंपाकघरात यायची.

"एनओसी न्हाई म्हणले," ती म्हणाली. "ऑफिसात बोलवून सांगितलं. महिन्याअखेर खाली करा."

"कारण?"

"तुमाला म्हाईत हाय की. मी त्यांचा उपास बाटवला."

"तू सांगितलं नाहीस, केक माझा आहे म्हणून?"

"सांगितलं की. अंडं काकांचं हाय, मी फकस्त हमाल हाय म्हणलं. त्यावर म्हणले, मोठ्या माणसाचं नाव पुढं करू नका."

मी चपला घातल्या. बायको म्हणाली, "रागात जाऊ नका, पाणी पिऊन जा." मी पाणी प्यालो आणि रागातच गेलो.

सोसायटीच्या ऑफिसात अध्यक्षांची खुर्ची उंच पाठीची आहे. समोर ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या बसक्या. ज्या जमिनीवर आमची इमारत उभी आहे ती त्यांच्या आजोबांची होती, हे ते पाहुण्याला पहिल्या पाच वाक्यांत सांगतात. तिथं ज्वारी पिकायची. आता आम्ही पिकतो.

"या काका, या. च्या सांगू?"

"नको. त्या केकातलं अंडं माझं होतं. केक माझा, ओव्हन माझा, केळी तुमची. तिनं फक्त डबा आणला."

"म्हाईत हाय की," अध्यक्ष म्हणाले.

मी भांडायची तयारी करून गेलो होतो. हे एक वाक्य सोडून सगळ्याची.

"माहीत आहे? मग तिला घर खाली करायला का सांगितलंत?"

"अहो काका, तुमाला कोण काय म्हणतंय का? तुमी आपली मान्सं. मालक मान्सं."

"म्हणा की मला. मला नोटीस काढा. लावा फळ्यावर, खाली तुमचा फोटो लावा."

ते हसले. मनापासून हसले. "तुमी लई विनोदी हाय राव."

"तुमच्या घरी रविवारी मटण शिजतं. तिसऱ्या मजल्यापर्यंत वास येतो."

"येतोच. आमी काय न्हाई म्हणतो? आमच्या घरात शिजतं, आमच्या रविवारी. ह्यांनी अंगारकीला दिलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "ह्ये बगा काका, बायका ऐकत न्हाईत. आमच्या मंडळींची ग्रुपवर अब्रू गेली. कुणाला तरी बोलावं लागतं. तिला म्हणावं, वर येऊन दोन शब्द बोल, चुकलं म्हण, वैनींच्या पाया पड. लगीच सही करतो. मान्सं वाईट न्हाईत ती."

माझ्यावर चिडायला त्या माणसाची तयारीच नव्हती. मी अपराध हातात धरून उभा होतो आणि तो घ्यायला कुणी पुढे येत नव्हतं. तेच अंडं. माझ्या हातात ते हौस होतं, तिच्या हातात बाटवणं. इतकी वर्षं मी पार्ट नाकारले ते मोजून. मापात नसला तर कुणी आणलाय हे कधी बघितलं नाही. इथं पार्टला कुणी हातही लावत नव्हतं. आणणाऱ्याचं तोंड बघून तो पास-नापास होत होता.

आणि इतकं सगळं कळूनही मी काय केलं, तर तो निरोप घेऊन तिच्या दारात गेलो. मला वाटलं, मार्ग निघाला. पोरीची शाळा राहील. दोन शब्द तर आहेत.

नवरा रात्रपाळी करून आलेला, जेवत बसला होता. तिने माझं सगळं ऐकून घेतलं.

"काका, तुमी भांडायला गेलते का निरोप आणायला?"

"भांडायलाच गेलो होतो," मी म्हटलं.

"मी बोलले तर खोटं. तुमी बोलले तर विनोदी. आन आता पाया मी पडायचं."

नवरा ताटावरूनच म्हणाला, "सॉरी म्हणून टाक की. आपलं काय जातंय? कंपनीत मी दिवसाला दहा बार म्हणतो."

"मंग अकरावं तुमीच जाऊन म्हणा."

"मी डबा नेला न्हाई."

"मी तरी अंडं फोडलं का?" ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "एक सांगा काका. तुमची पोरगी असती, तर तिला पाठवलं असतं वर?"

"नाही," मी म्हणालो. लगेच म्हणालो, हीच काय ती माझी त्या दिवसातली बरी गोष्ट.

"मंग?" ती म्हणाली, आणि नवऱ्याला भाकरी वाढायला आत गेली.

महिन्याअखेर ते गेले. चाकणच्या बाजूला, नवऱ्याच्या कंपनीजवळ दोन खोल्या मिळाल्या. नवऱ्याचा प्रवास वाचला, पोरीचा सुरू झाला. शाळा वर्षाच्या मध्येच सोडवता येत नव्हती, म्हणून आता ती सात वर्षांची मुलगी पिवळ्या गाडीत बसून नाशिक रस्त्याच्या गर्दीतून येते आणि जाते. सकाळी गेटासमोर उतरते तेव्हा डोळे अर्धे मिटलेले असतात. ज्या घरातून ती चालत आली असती, त्याला कुलूप आहे. हे मला रोज दिसतं, कारण माझी गॅलरी त्याच बाजूला आहे. बायको म्हणते, सकाळी सकाळी तिथं जाऊन उभे राहू नका, तुमचं बीपी वाढतं. वाढू दे.

टेम्पो भरताना अध्यक्ष खाली आले होते. नव्या गाडीला टेम्पो घासेल म्हणून. समोरचीला म्हणाले, "काय लागलं तर सांगा ताई, आपलीच सोसायटी हाय." गॅसची शेगडी उचलून तिने टेम्पोत चढवली.

त्यानंतर ग्रुपवर त्यांना पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा दिल्या गेल्या. ज्या ज्या बायकांनी "हेतुपुरस्सर" लिहिलं होतं त्या सगळ्यांनी फुलं टाकली.

मी पुन्हा ब्रेड भाजलेला नाही. पूजा होतात, फण्या येतात, मी घेत नाही म्हणून सांगतो. का, असं कुणी विचारत नाही. गुडघे दुखत असतील असा त्यांचा समज आहे आणि माझ्याविषयी काळजी व्यक्त केली जाते.

परवा अध्यक्ष लिफ्टपाशी भेटले. समोरच्या फ्लॅटचा मालक बंगळुरातून रोज फोन करतो म्हणाले, घर मोकळं पडलंय.

"तुमच्या बघण्यात एखादं चांगलं कुटुंब असलं तर सांगा की काका. तुमच्या समोरच राह्यचंय, तुमाला बी सोबत."

"होतं एक," मी म्हटलं. "तुम्ही घालवलंत."

ते हसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्यासाठी लिफ्टचं दार धरून उभे राहिले.