माझं मागवून ठेवा

डोंबिवलीत आमच्या इमारतीखाली चायनीज हॉटेल निघालं, ते काढणारा माणूस खाडीकाठच्या कोळीवाड्यातला होता. मुंबईत एका मोठ्या हॉटेलात भाज्या चिरता चिरता त्याने सगळं शिकून घेतलं होतं. पाच टेबलं, प्रत्येकावर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या मिरच्या, छताला लाल कागदी कंदील. काचेवर ड्रॅगन होता. रंगवणाऱ्याने तोवर फक्त गणपतीच्या मखरावरचे मोर काढले असावेत, कारण ड्रॅगनला पिसारा होता. आई म्हणायची, "यांच्याकडे बारा महिने दिवाळी."

तिला तिथे नेलं माझ्या भावाने. तो माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, ठाण्याला एका ऑफिसात नुकता लागलेला. दर शनिवारी तो कामावरून थेट हॉटेलात यायचा, आणि आई, बाबा, मी खाली उतरून त्याची वाट बघत बसायचो. आई दाराकडे तोंड करून बसायची, तो आला की दिसावा म्हणून. तो तिच्यासमोर, दाराकडे पाठ करून. त्याचं ठरलेलं होतं, शेजवान नूडल्स, वर जास्तीची लाल चटणी. आई फ्राइड राइस घ्यायची आणि दर वेळी सांगायची, "फोडणीचा भातच आहे हा. हळद तेवढी विसरलेत." मालक हसायचे. त्यांना माणसं आवडायची, आणि माणसांना ते.

गल्ल्यावर काळा फोन होता. इमारतीत कोणाकडेच फोन नव्हता, त्यामुळे आम्हा सगळ्यांचा नंबर तोच. कोणाची मुलगी बाळंत झाली, कोणाचे मामा गेले, सगळं आधी त्या गल्ल्यावर कळायचं.

त्या शनिवारी फोन आला तेव्हा आम्ही टेबलावर बसलेलो होतो. मालकांनी उचलला, ऐकला आणि तिथूनच सांगितलं, "आई, निघतोय म्हणतो ठाण्याहून. म्हणाला, माझं मागवून ठेवा, आलोच."

आम्ही मागवलं. ते आलं, त्याच्या जागेसमोर ठेवलं. त्याची वाफ गेली, मग चटणीवर तेलाची साय धरली. भाऊ आला नाही. त्या रात्री नाही, आणि नंतरही कधी नाही.

शोधायचं ते सगळं शोधलं. पोलिसात तक्रार दिली, कल्याणपासून ठाण्यापर्यंतची हॉस्पिटलं पालथी घातली, नातेवाइकांनी सांगितलेले ज्योतिषी झाले. एकाने उत्तर दिशा सांगितली, एकाने पाण्याजवळ. कोणाशी भांडण नव्हतं, कसलं लफडं नव्हतं. धडधाकट माणूस फोन ठेवतो आणि नाहीसा होतो, हे मला आजही पटत नाही. मला त्याचा रागही येतो. मेलेल्या माणसावर रागवता येत नाही, पण तो मेला असं तरी कुठे कोणी सांगितलं होतं?

काही आठवड्यांनी आई एका शनिवारी साडी बदलून म्हणाली, "चल." बाबा उठले नाहीत. त्या हॉटेलची पायरी ते पुन्हा चढले नाहीत. मी आणि आई गेलो, त्याच टेबलावर बसलो. आईने तिचा भात सांगितला, माझं सांगितलं, आणि मग त्याचं. मालक क्षणभर थांबले, पण घेऊन आले. समोर कोणी नसलेली ती ताटली आम्ही जेवेपर्यंत तशीच राहायची. निघताना आई ती बांधून घ्यायची आणि रविवारी सकाळी कढईत परतून मला द्यायची. स्वतः कधी चव घेतली नाही. "त्याचं आहे," म्हणायची. शाळा, कॉलेज, पहिली नोकरी, सगळी वर्षं मी भावाच्या वाटणीचं खाऊन वाढले. पहिला घास गिळताना दर वेळी मला वाटायचं, मागून कोणीतरी म्हणेल, "अगं, माझं आहे ते."

फोन वाजला की आईचा चमचा थांबायचा. मालक रिसीव्हर कानाला लावायचे, पलीकडचं माणूस कळलं की आधी आईकडे बघून मान हलवायचे, नाही म्हणून, आणि मग बोलायला लागायचे. पुढे त्यांना ती सवयच लागली. आम्ही नसलो तरी ते त्या टेबलाकडे बघून मान हलवतात, असं शेजारचे म्हणायचे.

एकदा फोन वाजला आणि मालक नुसतेच हॅलो हॅलो करत राहिले. पलीकडे आवाज नव्हता. आई उठली, गल्ल्याशी गेली, रिसीव्हर त्यांच्या हातातून घेतला आणि हळूच म्हणाली, "जेवलास का?"

आई बराच वेळ ऐकत होती. मग तिने फोन ठेवला, येऊन बसली आणि भात संपवला. तेव्हाच्या फोनला असले मुके कॉल पुष्कळ यायचे. हे मला माहीत होतं, तिलाही असणार. तरी घरी जाताना जिन्यात माझ्या अंगावर काटा आला, कारण ती समाधानी दिसत होती.

पुढे फोनच्या नंबरांना एक आकडा वाढला. इमारतीत एव्हाना घरोघर फोन आले होते, आमच्याकडेही. पण आई मालकांकडे गेली आणि विचारलं, "त्याला कसं कळणार?"

बारा वर्षं झाली तेव्हा बाबांनी विषय काढला. इतकी वर्षं वाट पाहिल्यावर दर्भाचा पुतळा करून त्या माणसाचं सगळं करतात. बाबांना दम लागायला लागला होता. ते म्हणाले, "माझ्यानंतर त्याचं कोण करणार?"

"आणि केल्यावर तो आला तर?" आईने विचारलं.

बाबांनी बोलावलेल्या गुरुजींनी शांतपणे सांगितलं की आला तर त्याचा नवा जन्म धरतात. जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा करायचे, बारसंसुद्धा. आई म्हणाली, "म्हणजे आत्ता जो आहे तो जाणारच." ती हो म्हणाली नाही. तिच्या होकाराशिवाय बाबा करणार नव्हते.

शनिवारी तिने हे मालकांना सांगितलं. ते खुर्ची ओढून बसले, पण भावाच्या नव्हे, बाजूच्या टेबलाची. म्हणाले, "आई, आमचा बापूस होडी घेऊन गेला तो घावलाच नाय. आयशीनं वर्षात सगळं केलं. लोक बोलले तिला. पण पोरांना जेवायला घालायचं होतं ना."

घरी गेल्यावर आईने बाबांना सांगितलं, "करा."

कल्याणच्या खाडीवर बाबा आणि काका जाऊन आले. बाबा न्हाऊन कॉटवर आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड करून रडले. आईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

पुढच्या शनिवारी तिने साडी बदलली. आता ती काय मागवते, तिकडे माझं लक्ष होतं. तिने माझं सांगितलं. मग म्हणाली, "आणि त्याचं." भात सांगितला नाही. मालकांनी माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं.

ताटली आली तशी आई उठली, टेबलाला वळसा घालून त्याच्या खुर्चीवर जाऊन बसली, दाराकडे पाठ करून. मला म्हणाली, "तू तिकडे बस, माझ्या जागेवर." मी बसले. तिने नूडल्स चमच्यावर घेतल्या, त्या घसरल्या. मग तिने चमचा बाजूला ठेवला आणि सरळ हाताने जेवायला लागली. तिचं नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी आलं. ती थांबली नाही.

"एवढं तिखट खायचा?" ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

फोन वाजला. मालकांनी उचलला, आमच्या टेबलाकडे बघितलं आणि मान हलवली. आईने मान वर केली नाही, ती ताटलीतली चटणी बोटाने पुसून घेत होती. मान हलवलेली मी बघितली. मग त्यांच्या मागचं दार बघितलं, आणि कोणीतरी येईल म्हणून बघतच राहिले.