बोलावलं की बसणारी

आमच्याकडे कुणी जेवत बसलेलं असलं आणि समोरून माणूस चालला, की "या जेवायला" म्हणतात. चालणाऱ्यानं "होऊ द्या, होऊ द्या" म्हणायचं आणि पुढं जायचं. हे बोलण्यापुरतं आहे हे दोघांनाही ठाऊक असतं. माझ्या बायकोलाही ते ठाऊक होतं, पण पटलेलं नव्हतं. कुणी "या" म्हटलं की ती खरोखर जायची, चप्पल काढायची आणि मांडी घालून बसायची.

लग्नानंतर तिला मुखेडहून, म्हणजे तिच्या माहेराहून, एसटीनं उदगीरला आणत होतो. पलीकडच्या बाकावर एका म्हातारीनं फडकं सोडलं आणि रीतीप्रमाणं "या बाई" म्हटलं. ही उठली, तिच्याजवळ जाऊन बसली, तिच्या भाकरीचा चतकोर मोडून घेतला आणि आपल्या शिदोरीतल्या शेंगाच्या पोळ्या तिच्या मांडीवर ठेवल्या. सगळी गाडी नवरीकडं बघत होती. मी दात-ओठ खाऊन हळूच म्हणालो, "अगं, लोक म्हणायचं म्हणून म्हणतेत." ती म्हणाली, "जेवू घालायचं नव्हतं तर बोलवावं कामून?" पुढं मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, लोकांनी तिचं नावच 'पाव्हणी' ठेवलं. मीही तेच म्हणू लागलो. आता तिला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी माझ्या तोंडी तेच नाव येतं.

मी पाठीवर पोती वाहून वर आलेला माणूस. हमाल होतो, मग वजनकाट्यावर बसलो, मग स्वतःचं आडतीचं दुकान टाकलं. मोंढ्यात पहिला बोललेला शब्द कधीच खरा नसतो. विकणारा चढवून सांगतो, घेणारा पाडून मागतो, आणि त्या दोघांच्या मधल्या जागेवर माझं पोट चालत आलं. अशा माणसाच्या घरी पहिलाच शब्द खरा धरणारी बाई आली, यात कुणाचा दोष होता ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

अमावस्येला मोंढा बंद असायचा, म्हणून आमचं फिरणं अमावस्येचं. शेजारपाजारचे म्हणायचे, "अमावस्येला कुठं निघालाव?" पाव्हणी म्हणायची, "लोक घरात बसतेत, रस्ता आपल्यालाच ऱ्हातो." नवरा-बायकोनं दोघंच, लग्नकार्य नसताना, निव्वळ फिरायला जायचं ही तेव्हा चेष्टेची गोष्ट होती. आम्ही जायचो. हत्तीबेटावर चढायचो, कंधारचा किल्ला बघायचो, परतताना स्टँडवर चुरमुऱ्यांचा सुसला आणि मिरचीची भजी खायचो. नांदेडला गुरुद्वाऱ्यातल्या लंगरला पहिल्यांदा बसली तेव्हा तिनं डोळे पुसले. म्हणाली, "बगा, इथं बोलवायचीबी वाट बघत न्हाईत." त्या पंगतीत एवढं मनापासून जेवणारं दुसरं कुणी मी पाहिलं नाही. हात पोळीला लावायच्या आधी ती शेजारच्याच्या ताटाकडं बघायची, त्याला वाढलंय का म्हणून.

तिच्यासंगं सौदा करणं मात्र अवघड. माळेगावच्या जत्रेत मी एका घोंगडीवाल्याशी जुंपलो होतो. आवाज चढला, मी घोंगडी त्याच्या अंगावर फेकली, चार पावलं निघून गेलो, तो हाक मारणार हे मला ठाऊक होतं. हाक आली, पण ती पाव्हणीची. मागं वळून बघतो तर ही त्याच्या बायकोजवळ बसून पिठलं-भाकर खात होती. "या हो, लई झणझणीत झालंय." घोंगडीवाला हसत म्हणाला, "शेट, आता काय भांडताव? घरचेच झालाव." ज्याचं पिठलं खाल्लं त्याच्याशी घासाघीस कशी करायची? सांगेल त्या भावानं घोंगडी घेतली. माझा सौदा तिनं पिठल्यात बुडवला, असं मी पुढं कैक वर्षं सांगत असे. लोक हसायचे, मी हसायचो नाही.

मग लातूर वेगळा जिल्हा झाला. उदगीरसारखी पेठ असताना जिल्हा लातूरला का, ही माझी तक्रार आजही आहे आणि ऐकणारा मिळाला की मी ती सांगतो. पण व्यापाऱ्याला कचेऱ्या जवळ आल्या, माणसांची ये-जा वाढली. आणि लगोलग पाऊस रुसला. विहिरी तळाला गेल्या, ज्वारी करपली. माझ्याकडं मागच्या साली भरून ठेवलेली ज्वारी होती. भाव चढत गेला. मी काही चोरी केली नाही, कुणाच्या घरून ओढून आणली नाही. तरी खरं ते खरं, आमच्या दारात फटफटी आली ती त्या दुष्काळात.

त्याच साली येळवस आली. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्या भागात गावं ओस पडतात आणि रानं भरतात. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करतात, तिच्यात पांडवांची पूजा होते, आंबील, पालेभाज्यांची भज्जी, ज्वारीचे उंडे, खीर असा स्वयंपाक घरून डोक्यावर नेतात. आणि त्या दिवशीचं बोलावणं तोंडदेखलं नसतं. वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाक मारतात आणि तो जेवतोच. आम्हाला जमीन नव्हती. दरवर्षी आम्ही नुसते रस्त्याला लागायचो आणि पहिली हाक येईल त्या वावरात जेवायचो. पाव्हणीचा वर्षातला सर्वांत मोठा दिवस तो. त्या दिवशी सगळं जग तिच्यासारखं वागायचं.

नव्या फटफटीवर आम्ही चाकूरच्या वाटेला लागलो. दोन्ही बाजूंना रान उघडं पडलेलं. लांबून एकानं टॉवेल हलवला, "ओ पाव्हणे! सणाचं तसंच कुठं निघालाव?" पाव्हणीनं माझ्या पाठीवर थाप मारली, "थांबवा, थांबवा." जवळ गेल्यावर त्यानं मला ओळखलं. माणिक नावाचा कुळवाडी, वर्षानुवर्षं माझ्या आडतीला माल घालायचा. त्या साली मात्र तो माझ्याकडून ज्वारी विकत नेत होता. "आप्पा! तुम्ही आमच्या वावरात!" त्याला खरोखर आनंद झाला होता.

कोप तुराट्यांची होती, कडबा जनावरांसाठी राखलेला. भज्जीत पालेभाजी कमी आणि बेसनच जास्त. आंबील पातळ, आणि ती करायला पाणी कुठून आणलं असेल हे मला समोरच्या रिकाम्या विहिरीवरून कळत होतं. समोरच्या उंड्यातली ज्वारी माझ्या दुकानातली होती, हेही कळत होतं. माणिकच्या आईनं पत्रावळी मांडली. मी उभाच राहिलो. तोंडातून निघून गेलं, "होऊ द्या. मी जेवून आलोय."

येळवसला जेवून आलोय! बसा म्हणून पुढं केलेला माणिकचा हात तसाच राहिला. म्हातारी म्हणाली, "आप्पा, घासभर तरी. रानातलं हाय, वंगाळ न्हाई."

"न्हाई माय, पोट भरलंय."

पाव्हणी मात्र जेवली. नुसती जेवली नाही, भज्जी पुन्हा घेतली, आंबिलीचं वाटगं पुढं करून म्हणाली, "माय, आनिक घाला. माज्या आईच्या हातची अशीच असायची." म्हातारी उठून आंबील घालायला लागली, तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. मी फटफटीला टेकून, तोंड फिरवून उभा होतो.

परतताना मध्येच गाडी थांबवली आणि मी पेटलो. "लोकांच्या घशाला पाणी न्हाई आन् तू दुसऱ्यांदा आंबील मागतीस? जीभ आवरत न्हाई तुजी?"

तिनं पदर नीट केला. ती चिडली की हळू बोलायची. "त्या म्हातारीनं येवढ्या अवघडात सण मांडला हुता. मी मागून घेतलं तवा तिच्या तोंडावर सण आला. तुम्ही मातर तिच्या दारात उभं ऱ्हाऊन तिचा दुष्काळ बगत ऱ्हायलाव."

"मी त्यांचा घास वाचवला!"

"त्यांनी कुठं वाचवायला सांगितला हुता?" मग तिनं तिचं म्हणणं मांडलं. "पुढल्या येळवसला त्याच वावरात जावा आन् मागून जेवा. तवर मी तुमच्यासंगट फिरायला येत न्हाई."

मला वाटलं, बायकांचा राग, महिनाभर टिकेल. पुढच्या अमावस्येला मी फटफटी पुसून दारात लावली. ती दळण निवडत बसली होती. मी म्हणालो, माहूरला जाऊ. नको. हैदराबाद दाखवतो. नको. माणिकच्या घरी ज्वारीचं पोतं धाडलं, ते त्याच बैलगाडीतून परत आलं. गाडीवान म्हणाला, "माणिकनं सांगितलंय, लागंल तवा दुकानात येऊन घेऊ." पाव्हणी हे ऐकत होती. मी म्हणालो, "बरं, त्या सगळ्यांना आपल्या घरी जेवायला बोलवू, मग तर झालं?" ती म्हणाली, "भाव एकच हाय." मोंढ्यातले सगळे डाव मी तिच्यापुढं टाकले असतील. माझ्याशी आयुष्यात एवढं ताठ कुणी वागलं नाही.

मीही हटलो नाही. मी काय वाईट केलं होतं? ज्याचं रान करपलंय त्याच्या ताटावर बसायचं नाही, एवढंच ना? हे मी आजही स्वतःला सांगतो, आणि सांगताना आवाज चढतो. चढतो म्हणूनच मला माझा संशय येतो. खरं म्हणजे त्या दिवशी तिथं बसलो असतो तर माणिकच्या तोंडाकडं बघत जेवावं लागलं असतं, आणि त्याचे ते आनंदलेले डोळे मला सोसणारे नव्हते. शिवी दिली असती तर मी मजेत जेवलो असतो.

पुढल्या येळवसला मी दुकानात हिशेब काढून बसलो. त्याच्या पुढल्या येळवसलाही. पाऊस परतला होता, रानं पुन्हा भरली होती. पाव्हणी एकटीच एसटीनं मुखेडला जाऊन यायची, कुणाकुणाकडं काय काय खाल्लं ते शेजारणीला सांगायची, मला नाही. मग तिला धाप लागू लागली. लातूरच्या डॉक्टरानं तपासून सांगितलं, हृदय थकलंय, गाडीचे धक्के नकोत, प्रवास नको. परतताना जीपमध्ये ती खिडकीतून रानं बघत होती. मी म्हणालो, "औंदा येळवसला जातो मी माणिककडं." ती म्हणाली, "जावा." एवढंच. मी तयार झालो तेव्हा तिची पाठीमागं बसायची वेळ निघून गेली होती.

मी एकटा गेलो. माणिकनं मला लांबूनच ओळखलं. कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आप्पा, आज घरून जेवून न्हाई आलाव?" त्याच्या घरची सगळी हसली. मी चप्पल काढली, बसलो, म्हणालो, "माय, वाढा." दोनदा भज्जी घेतली. आंबील मागून घेतली. म्हातारीनं वाटगं भरता भरता विचारलं, "पाव्हणी कुठं ठेवली?" मी सांगितलं. ती आत कोपीत गेली आणि डबा बांधून घेऊन आली.

घरी पाव्हणी अंगणात खाटेवर होती. तिनं डबा उघडला, दोन घास खाल्ले, बाकीचं तिला जाईना. मग विचारत राहिली. हरभरा कसाय? फुलावर हाय. कोप कशाची? कडब्याची, दांडगी. कोण कोण बसलं हुतं? म्हातारी वाकली का? वारं कुठलं हुतं? मला आयुष्यात मालाशिवाय काही नीट बघायची सवय नव्हती. त्या संध्याकाळी आठवून आठवून मी तिला सगळं वावर सांगितलं, पाखरं कुठं बसली होती तेसुद्धा. ती डोळे मिटून ऐकत होती. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली.

पण त्या येळवसच्या दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट सांगायची आहे. शेजारीण विरजण मागायला आली. मी ओसरीत दाढी करत होतो. तिनं सहज विचारलं, "येळवसला काय केलाव वैनी?"

"गेल्तो की चाकूरकडं," पाव्हणी खाटेवरून म्हणाली. तिला धाप लागत होती, पण सांगायचं सोडत नव्हती. "माणिकच्या वावरात. हरभरा असा फुललाय बाई, नजर ठरत न्हाई. म्हातारी वाकलीय, पर आंबील तिचीच. ह्यांनी तर मागून मागून खाल्लं. आमी दोघं फटफटीवर गेल्तो."

पाव्हणी महिनाभर अंगणाबाहेर पडली नव्हती हे शेजारणीला माझ्याइतकंच ठाऊक होतं. ती माझ्याकडं बघू लागली. पाव्हणी माझ्याकडं बघत नव्हती, ती पांघरूण नीट करत होती.

मी गालावरचा फेस तसाच ठेवून म्हणालो, "हाव. दोघं गेल्तो."